मदत हवी आहे: नर्सरीत फुकट कलम-शिबिर घेऊ का? आप्पा म्हणतात धंदा बुडेल

मंडळी, लांज्याजवळ आमची छोटी नर्सरी आहे. आंब्यात हापूस, रत्ना, काजूत वेंगुर्ला-4 आणि 7 या जाती, थोडी मिरी, जायफळ. गेल्या जुलैत हौसेनं एका रविवारी 'कोय कलम स्वतः बांधा' (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधायची) असं मोफत शिबिर ठेवलं. नावं दिली 42 जणांनी, आले 17. पाऊस मी म्हणत होता, तरी सतरा आले हेच खूप.

आप्पांनी दाखवलं. गादीवाफ्यातून कोयीसकट उपटलेलं पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर. हापूसची काडी पेन्सिलीएवढी, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं, मग पिशवीत लावून वर पेप्सीच्या लांबट पिशवीची टोपी. आप्पांना दोन मिनिटं लागली. बाकीच्यांना अर्धा तास, आणि एका काकांचं बोट कापलं ते वेगळंच.

सगळ्यांनी मिळून 25 बांधली. महिन्याने फुटवा दिसला आठांना. आप्पांची शंभरातली ऐंशी तरी जगतात. त्यावर त्यांचं म्हणणं, "जगली नाहीत तर नाव आपलं खराब. जगली तर पुढच्या वर्षी हे कलमं कशाला घेतील? आपण काय पेज खायची?"

आता जुलै जवळ आला. माझे प्रश्न:

आप्पा बरोबर आहेत का? ज्यांच्या नर्सऱ्या आहेत त्यांनी खरं सांगा. दुसरं, नाव देऊन न येणाऱ्यांचं काय करायचं? पन्नास रुपये घेतले तर 'मोफत' राहत नाही. आणि कोय कलम पहिल्यांदाच शिकवणं चुकलं का? आलेल्यांत निम्मे फ्लॅटवाले, त्यांना आंबा लावायला जागाच नव्हती.

---

कुडाळकर: आप्पांना सांगा, ज्याने स्वतः बांधून मारलं, तो पुढच्या वेळी कलमाच्या भावावरून घासाघीस करत नाही. माझा अनुभव आहे. आणि काड्या आधी तयार केल्या होत्यात का? झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी पानं छाटून ठेवली की डोळे फुगतात. नुसती तोडलेली काडी शिकाऊ हातात निम्मी मरणारच.

गच्चीवाली: फ्लॅटवाल्यांना जास्वंदीच्या फांद्या लावायला शिकवा, कुंडीत भोकावर खापरी कशी ठेवायची ते शिकवा. मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) आला की काय करायचं, हे विचारायला तर मी चिपळूणहून येईन. आंबा बागायतदारांसाठी वेगळा रविवार ठेवा.

परशुराम_घाट: पन्नास रुपये घ्या आणि आल्यावर त्याच पैशांचं मिरीचं रोप हातात द्या. फुकटही झालं, आणि येणाराही येईल.

---

धागाकर्ती: कुडाळकर, पानं छाटली नव्हती! घाईत आदल्या संध्याकाळी काड्या तोडल्या होत्या. आप्पांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं." (सांगितलं नव्हतं.) पण मग स्वतःच कोयती घेऊन हापूसच्या झाडाखाली उभे राहिले, कुठल्या फांद्यांची पानं छाटायची ते बघत. मिरीचं रोप मात्र पन्नासात परवडत नाही म्हणतात, तुळस द्या. त्यावर अजून भांडण चालू आहे. जायफळाच्या कलमाचं कोणी शिकवत असेल तर तेही लिहा, मला स्वतःला जमत नाही.