सल्ला हवा : युद्धकाळात परक्या संसदेपुढे केलेली कोणती भाषणे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी दर महिन्याला अभ्यासवर्ग भरतो. पुढच्या वर्गाचा विषय असा ठरला आहे : देश युद्धात होरपळत असताना त्याचा नेता दुसऱ्या देशाच्या लोकप्रतिनिधींपुढे मदत मागायला उभा राहतो, तेव्हा तो काय बोलतो आणि त्या बोलण्याचे पुढे काय होते? आमच्या भागातून वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला गेलेली काही मुले २०२२ साली ‘ऑपरेशन गंगा’तून परत आली, त्यामुळे झेलेन्स्की हे नाव आमच्या मुलांना परके नाही. हाताशी वेळ दोनच तासांचा आहे, त्यात तीनपेक्षा जास्त भाषणे बसणार नाहीत. कोणती निवडावीत, मुलांना आधी संहिता द्यावी की चित्रफीत दाखवावी, आणि चर्चिल यांचे अमेरिकेतले भाषण घ्यावे की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानोपानी :
ताई, विषय फार चांगला निवडला आहे. माझे पहिले सांगणे असे की, मुलांना भाषण देण्याआधी त्यातली मागणी फळ्यावर लिहावी. परक्या संसदेत बोलणाऱ्या नेत्यासमोर जे बसलेले असतात, त्यांच्या हाती त्यांच्या देशाच्या तिजोरीची किल्ली असते, आणि बहुतेक वेळा एखादे विधेयक मतदानाच्या उंबरठ्यावर आलेले असते. ते विधेयक ठाऊक नसेल, तर भाषण म्हणजे नुसते वक्तृत्व वाटते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे झेलेन्स्की यांचे २१ डिसेंबर २०२२ चे अमेरिकी काँग्रेसपुढचे भाषण, आणि तीनपैकी एक जागा त्याला द्यावीच. आदल्याच दिवशी ते पूर्व युक्रेनमधल्या बाखमुतच्या आघाडीवर होते. तिथल्या सैनिकांनी सह्या करून दिलेला युक्रेनचा ध्वज त्यांनी सोबत आणला होता आणि भाषणाच्या शेवटी तो सभापती नॅन्सी पेलोसी आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हाती दिला. दोघींनी तो त्यांच्या पाठीमागे उलगडून धरला, ते दृश्य मुलांना अवश्य दाखवा. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो तोफखान्याविषयीचा परिच्छेद. आमच्याकडे तोफा आहेत, त्याबद्दल आभार, असे म्हणून ते स्वतःच विचारतात की त्या पुरेशा आहेत का, आणि स्वतःच उत्तर देतात की खरे सांगायचे तर नाहीत. आभार आणि तक्रार एकाच श्वासात, समोरच्याला न दुखावता, कशी मांडावी हे त्या दोन-तीन वाक्यांत शिकायला मिळते. तुमचा पैसा हा दानधर्म नसून जागतिक सुरक्षेतली आणि लोकशाहीतली गुंतवणूक आहे, हे त्यांचे प्रसिद्ध वाक्यही याच भाषणातले.

आता वेळ बघा. जानेवारीत प्रतिनिधिगृहाचे बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे जाणार होते आणि त्या पक्षातल्या काही सदस्यांचा मदतीला उघड विरोध होता. भाषणानंतर दोनच दिवसांत सुमारे ४५ अब्ज डॉलरची तरतूद असलेले खर्चविधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. ते केवळ भाषणामुळे झाले असे कोणी म्हणू नये, कारण वाटाघाटी आधीच झालेल्या होत्या. याच्या उलट, १६ मार्च २०२२ रोजी त्याच काँग्रेसपुढे दूरदृश्य माध्यमातून त्यांनी पर्ल हार्बरवरचा १९४१ चा जपानी हल्ला आणि ११ सप्टेंबर यांची आठवण देऊन युक्रेनवर उड्डाणबंदी क्षेत्र लागू करण्याची विनंती केली होती. सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, बायडेन यांनी त्याच दिवशी ८० कोटी डॉलरची लष्करी मदत जाहीर केली, पण उड्डाणबंदी कधीच आली नाही, कारण ती अमलात आणणे म्हणजे रशियाची विमाने पाडणे झाले असते. ही दोन भाषणे शेजारीशेजारी ठेवली, तर शब्दांचे बळ कुठवर पोहोचते हे मुलांच्या आपसूक लक्षात येईल.

म्युनिकवासी :
पानोपानी यांच्याशी सहमत आहे, मात्र मी आग्रह धरेन तो १७ मार्च २०२२ च्या जर्मन संसदेतल्या भाषणाचा. इथे जर्मनीत राहत असल्यामुळे असेल, पण मला ते सर्वांत धाडसी वाटते. ज्यांच्याकडून मदत हवी, त्यांच्याच दारात उभे राहून त्यांना दोष देणे सोपे नसते. झेलेन्स्की म्हणाले की युरोपात पुन्हा एक भिंत उभी राहिली आहे, स्वातंत्र्य आणि गुलामी यांच्या मधली. युक्रेनवर पडणाऱ्या प्रत्येक बॉम्बने ती उंच होते, आणि रशियातून जर्मनीला येणाऱ्या ‘नॉर्ड स्ट्रीम’ वायुवाहिनीला तुम्ही निव्वळ अर्थकारण म्हणत राहिलात, तेव्हा त्याच भिंतीचे सिमेंट तयार होत होते. जर्मन नेते दरवर्षी नाझी काळाची आठवण काढून ‘पुन्हा कधीही नाही’ म्हणतात, त्या शब्दांना आता काही किंमत उरलेली नाही, असेही ते स्पष्ट बोलले. शेवटी त्यांनी तेव्हाचे जर्मन चॅन्सलर शोल्झ यांना भिंत पाडण्याचे आवाहन केले, आणि ज्या देशात १९८७ साली बर्लिनच्या भिंतीजवळ रेगन यांनी तसेच आवाहन केले होते, तिथे त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

त्यानंतर जे घडले तेही वर्गात सांगावे. सदस्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि लगेच अध्यक्षस्थानावरून सदस्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचून दाखवण्यात आल्या, मग नेहमीचे कामकाज सुरू झाले. विरोधी पक्षाने चर्चेची मागणी केली, ती बहुमताने फेटाळली गेली. त्या सकाळबद्दल पुढे अनेक दिवस इथल्या वृत्तपत्रांतून खेद व्यक्त होत होता आणि तो योग्यच होता, असे मला वाटते.

पानोपानी :
म्युनिकवासी, मुद्दा पूर्णपणे मान्य. त्याला जोड म्हणून फसलेले एक उदाहरण दाखवता येईल. २० मार्च २०२२ रोजी इस्रायलच्या संसद सदस्यांपुढे बोलताना झेलेन्स्की यांनी रशियाच्या हल्ल्याची नाझींच्या ‘अंतिम उपाया’शी, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या योजनेशी, तुलना केली. ते स्वतः ज्यू आहेत, तरीही ती तुलना अनेक सदस्यांना सहन झाली नाही, आणि मागितलेली ‘आयर्न डोम’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणाही मिळाली नाही. श्रोत्यांच्या सर्वांत खोल जखमेला हात घालताना किती जपावे लागते, हे इथे दिसते. तीनच दिवसांनी जपानच्या संसदेपुढे तेच गृहस्थ किती वेगळे बोलले ते वाचा : पर्ल हार्बरचे नाव नाही, शस्त्रांची मागणी नाही, आशियात सर्वांत आधी रशियावर दबाव आणल्याबद्दल आभार, चेर्नोबिलचा उल्लेख, संयुक्त राष्ट्रांच्या सुधारणेत पुढाकार घेण्याची विनंती. जपान शस्त्रे देऊ शकणार नाही हे ठाऊक असताना तिथे काय मागावे, याचा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

सोलापूरकर :
सगळी चर्चा झेलेन्स्की यांच्याभोवती फिरते आहे, म्हणून एक जुने नाव सुचवतो. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी चीनचे तेव्हाचे नेते चँग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेई-लिंग अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बोलल्या. चीन तेव्हा साडेपाच वर्षे जपानशी लढत होता आणि दोस्त राष्ट्रांचे धोरण मात्र आधी हिटलर, मग जपान असे होते. त्या धोरणाला त्यांनी अमेरिकेतच शिकून कमावलेल्या सफाईदार इंग्रजीत, अत्यंत सभ्यपणे विरोध केला. चीनमध्ये उतरावे लागलेल्या एका अमेरिकी वैमानिकाला गावकऱ्यांनी हरवलेल्या भावासारखे कवटाळले, ही हकिगत त्यांनी सेनेटमध्ये सांगितली. सभागृहे भारावली, तरी ‘आधी हिटलर’ हे धोरण बदलले नाही.

याच चीनसाठी १९३८ साली आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस गेले, तेही चीनकडून आलेल्या मदतीच्या हाकेला प्रतिसाद म्हणूनच. ती हाक संसदेत नव्हे, पत्रातून आली होती. विषयाला थोडे अवांतर असले, तरी आपल्या मुलांना हा धागा जवळचा वाटेल.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. डिसेंबर २०२२ चे वॉशिंग्टनचे भाषण आणि जर्मन संसदेतले भाषण नक्की केले आहे. तिसऱ्या जागेसाठी सूंग मेई-लिंग की चर्चिल, एवढेच ठरवायचे राहिले आहे. कोटणीसांचा उल्लेख प्रास्ताविकात करीन.

पानोपानी :
ताई, सूंग मेई-लिंग घ्या. चर्चिल २६ डिसेंबर १९४१ रोजी बोलले तेव्हा पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला १९ दिवस झाले होते आणि अमेरिका युद्धात उतरलेली होती. माझे वडील अमेरिकी आणि आई ब्रिटिश असती, तर कदाचित मी स्वतःच्या बळावर इथवर आलो असतो, हे त्यांचे वाक्य मुलांना आवडेल. पण त्या भाषणात दार ठोठावणे नाही, आधीच उघडलेल्या दारातून आत येणे आहे. तुमचा विषय मागणीचा आहे.

संहिता आधी द्या, चित्रफीत नंतर दाखवा. झेलेन्स्की यांची भाषणे युक्रेनच्या अध्यक्षांच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीत उपलब्ध आहेत. मराठी सारांश करायचा झाल्यास जर्मन संसदेतल्या भाषणाचा मी आनंदाने करून देईन, वर्गाची तारीख तेवढी कळवा.