चार नगरसेवकांच्या प्रभागात जबाबदारी कोणाची?
पुण्यातील अ, ब, क, ड या जागा म्हणजे प्रभागाचे चार तुकडे असून आपल्या गल्लीसाठी त्यांतला एकच नगरसेवक उत्तरदायी असतो, असे अनेकदा मांडले जाते. ते बरोबर नाही. ही अक्षरे केवळ जागा आणि त्यांवरील आरक्षण ओळखण्यासाठी असतात. प्रत्येक मतदार चारही जागांसाठी मत देतो, त्यामुळे निवडून आलेले चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी ठरतात. पुढे ते आपसांत भाग वाटून घेतात, ती निव्वळ त्यांची सोय असते आणि तिच्या आडून नागरिकाला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

इथे प्रभाग समितीचा, म्हणजे एक किंवा अधिक प्रभागांसाठी असलेल्या महापालिकेच्या समितीचा, उल्लेखही करायला हवा. ७४व्या घटनादुरुस्तीनुसार ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या बंधनकारक आहेत आणि त्या क्षेत्रातील नगरसेवक त्यांचे सदस्य असतात. आमच्याकडे ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण खचले, तेव्हा ‘तो भाग माझ्याकडे नाही’ हे उत्तर दोघांकडून मिळाले. मग आम्ही चौघांच्या आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचे प्रमुख असलेल्या सहायक आयुक्तांच्या नावे एकच अर्ज लिहिला, त्यात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक घातला, त्या कार्यालयात आवक शिक्क्याची पोच घेतली आणि तिची प्रत प्रत्येक नगरसेवकाला दिली. त्यानंतर झाकण बदलले गेले. प्रत्यक्ष काम करून घेण्याचा अधिकार प्रशासनाकडे असतो, त्यामुळे अर्ज तिथे नोंदवलेला असला की नगरसेवकालाही समितीच्या बैठकीत त्याचा जाब विचारता येतो.