शब्दचर्चा: आलुबुखार, प्लम, प्रून आणि प्लूऑट

सनीवेलकर: कॅलिफोर्नियात उन्हाळाभर दुकानांत 'प्लूऑट', 'डायनासोर एग', 'इटालियन प्रून', शिवाय इराणी दुकानात 'गोजे सब्ज' अशी फळं दिसतात. मराठीत या सगळ्यांना आलुबुखारच म्हणायचं का? उपप्रश्न: आतली बी लावली तर तेच झाड येईल का?

मोडीवाचक: फारसीत 'आलू' म्हणजेच हे फळ. बुखाऱ्याचा आलू तो आलुबुखार, जर्द म्हणजे पिवळा, म्हणून जर्दाळू, पीचला शफ्तालू. तिन्ही एकाच कुळातली. हिंदीतला बटाट्याचा आलू संस्कृत 'आलु' म्हणजे कंद यावरून आलेला, आणि सह्याद्रीत मिळणारं अळू नावाचं रानफळ तिसरंच. आलुबुखार, अलुबुखार, आलूबुखारा ही तिन्ही लेखनं मराठीत चालतात.

भाषांतर करणाऱ्यांनी मात्र सांभाळावं. इंग्रजीत 'जावा प्लम' म्हणजे जांभूळ, 'इंडियन प्लम' म्हणजे बहुधा बोर आणि 'हॉग प्लम' म्हणजे अंबाडा. यांतल्या एकाचाही आलुबुखाराशी संबंध नाही. 'जपानी प्लम' म्हणून लोणच्याच्या रूपात मिळणारं 'उमे' हे तर जर्दाळूच्या जवळचं.

कलमवाला: शब्द एक असला तरी लावणाऱ्याला तीन गट वेगळे ओळखावे लागतात.

पहिला जपानी म्हणतात तो, मूळ चीनचा. गोल, रसाळ, लाल ते काळा. दुकानातला बहुतेक माल हाच. कापून पाहा: सालीलगत लाल आणि आत पिवळा गर, बाठ्याला चिकटलेला, साल आंबट, तर 'सांता रोझा' असण्याची शक्यता बरीच, ल्यूथर बरबँक यांनी तो वाण १९०६ साली आणला. साल काळी आणि गर पिवळसर असेल तर 'फ्रायर' किंवा 'ब्लॅक अँबर'. गर रक्तासारखा लाल आणि बाठा लहान असेल तर 'सत्सुमा' किंवा 'मारिपोसा'. फळ कापल्याशिवाय नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्टिकरवरच्या आकड्यावरही नाही: तो रंग आणि आकार सांगतो, वाण नव्हे. आकडा पाच अंकी आणि ९ ने सुरू होत असेल तर माल सेंद्रिय, एवढंच.

दुसरा युरोपीय. लांबट, निळा, वर पिठूर थर, गर घट्ट आणि बाठा सहसा सुटा. 'इटालियन प्रून' तो हाच.

तिसरा चेरी प्लम, लहान गोल. 'गोजे सब्ज' म्हणजे बहुधा याचीच कच्ची, हिरवी, आंबट फळं. मीठ लावून खातात. (फारसीत टोमॅटोला 'गोजे फरंगी' म्हणतात, ही माहिती मोडीवाचकांसाठी.)

मोडीवाचक: 'प्रून' कुठे बसतो?

कलमवाला: युरोपीय गटातले जे वाण बाठ्यासकट वाळवले तरी आंबत नाहीत, ते प्रून. साखर भरपूर असल्यामुळे हे जमतं. अमेरिकेत सुक्या फळाची प्रतिमा म्हाताऱ्यांचं औषध अशी झाल्यामुळे २००० साली पाकिटावर 'ड्राइड प्लम' लिहायची परवानगी मिळवली गेली. बिर्याणीत घालतात तो सुका आलुबुखार आंबट असतो. पाककृतीत तो हवा असताना प्रून वापरला तर पदार्थ गोड होतो.

सनीवेलकर: आणि प्लूऑट? 'जर्दाबुखार' कसं वाटतं?

मोडीवाचक: वाईट. जर्द म्हणजे पिवळा, बुखारा म्हणजे शहर. फळ ज्या 'आलू'त होतं तोच तुम्ही काढून टाकलात. शिवाय हिंदीवाल्याला कावीळ आणि ताप एकदम आल्यासारखं वाटेल. प्लूऑटच लिहा.

कलमवाला: सहमत, कारण ते व्यापारी नाव आहे. मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगर यांनी प्लमकॉटचा (निम्मा प्लम, निम्मा जर्दाळू) पुन्हा प्लमशी संकर करून ते वाण केले. ठिपकेदार 'डायनासोर एग' म्हणजे त्यांचा 'डॅपल डँडी'. साल गुळगुळीत असते. जर्दाळूसारखी बारीक लव दिसली तर ते 'एप्रियम', म्हणजे जर्दाळूचा अंश जास्त.

आता बी. तेच झाड येणार नाही. रोप निघेल, फळ वेगळं असेल, आणि ते पाहायला चार-पाच वर्षं थांबावं लागेल. तोच वाण हवा असेल तर डोळा भरणं किंवा कलम हाच मार्ग. पण पेटंट चालू असलेल्या वाणाच्या काड्या परवानगीशिवाय लावणं अमेरिकेत बेकायदा आहे.

तरीही हौस असेल तर हंगामाच्या शेवटी येणारं फळ निवडा. फार लवकर पिकणाऱ्या वाणांत गर पिकतो तेव्हा बीमधला गर्भ अपुरा असतो आणि ते रुजत नाही. बाठा ब्रशने घासून गराचा मागमूसही ठेवू नका, बुरशी तिथूनच येते. दोन दिवस सावलीत सुकवा. मग कडेची शीर व्हाइसच्या (वस्तू घट्ट पकडायच्या अवजाराच्या) जबड्यांत येईल असा धरून हळूहळू दाबा, 'टक्' आवाज आला की थांबा. आतलं बी भरीव, तपकिरी हवं. सुरकुतलेलं फेकून द्या. (बी चाखू नका, कडू असतं ते सायनाइड तयार करणाऱ्या द्रव्यामुळे.) रात्रभर पाण्यात ठेवून ओलसर कोकोपीटमध्ये पुरा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी टपकू नये. डबा फ्रिजमध्ये सुमारे ४ अंशांवर. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. जपानी गटाला साधारण तीन महिने, युरोपीयला चार किंवा जास्त. आठव्या आठवड्यापासून पंधरा दिवसांनी उघडून पाहा. मूळ सेंटिमीटरभर आलं की मूळ खाली करून दोन सेंटिमीटर खोल लावा.

नाशिककर: हेच पुण्या-नाशिकला केलं तर?

कलमवाला: रोप येईल, फळ बहुधा नाही. बीला लागणारी थंडी फ्रिज देतो, झाडाला लागणारी देत नाही. सांता रोझालाही साधारण ७ अंशांखालचे तीनेकशे तास लागतात, युरोपीय वाणांना बहुधा त्याच्या दुपटीहून जास्त. थंडी अपुरी पडली की पालवी उशिरा आणि तुरळक येते, फुलं मागेपुढे उमलतात आणि गळतात. मैदानी भागात पंजाबचे 'सतलज पर्पल' आणि 'काला अमृतसरी' हे वाण होतात. पहिला एकटा लावला तर फळ धरत नाही, परागासाठी शेजारी दुसरा लागतोच. प्लूऑटचंही तसंच, जवळ जपानी प्लम हवा. त्यासाठी युरोपीय झाड चालत नाही: ते उशिरा फुलतं आणि त्याची गुणसूत्रं ४८, जपानीची १६.

मोडीवाचक: 'वाण' बरोबर वापरलात. 'प्रजाती' लिहिलं असतंत तर घोटाळा झाला असता: मराठी विश्वकोशात जपानी आणि युरोपीय या दोन 'जाती' (species), दोन्ही एकाच 'प्रजाती'तल्या (genus). हिंदीत 'प्रजाति' म्हणजे आपली जाती. हिंदी कृषी पत्रकांवरून भाषांतर करताना हा शब्द तसाच उचलू नये.