घाटात तापल्यावर बंद पडणारी जुनी मोटारसायकल : मदत हवी आहे
वडिलांची 1994 सालची 100 सीसी टू-स्ट्रोक मोटारसायकल साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना अचानक बंद पडते आणि अर्धा तास थांबल्यावर पहिल्याच किकला सुरू होते. बंद पडल्याबरोबर प्लग काढून, तो इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी अजिबात पडत नाही; गाडी थंड असताना मात्र ती निळी आणि ठसठशीत दिसते. प्लग नवा आहे, कार्ब्युरेटर साफ केला आहे, पेट्रोलही नीट उतरते, त्यामुळे मॅग्नेटोतील (इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणाऱ्या भागातील) सोर्स कॉइलचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचे, जुने इन्सुलेशन तापल्यावर दगा देत असावे, असा माझा संशय आहे. थंड असताना मल्टिमीटरवर कॉइलचा रोध बरोबर येतो. सीडीआय (ठिणगी योग्य क्षणी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) न बदलता नेमका दोष कसा ओळखावा? कॉइल रिवाइंड करणारे खात्रीचे कारागीर साताऱ्यात किंवा कराडात असल्यास कृपया सांगावे. वडिलांची ही गाडी मला भंगारात घालायची नाही.