कस्टम लूपमधली गळती सापडत नाहीये, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. माझ्या पीसीच्या कस्टम वॉटर लूपमध्ये (आतले भाग पाणी फिरवून थंड ठेवणाऱ्या नळ्या-पंपाच्या जोडणीत) कुठेतरी बारीक गळती आहे. रिझर्व्हॉयरमधली (पाण्याच्या टाकीतली) पातळी हळूहळू उतरते आणि जीपीयू ब्लॉकखाली (ग्राफिक्स कार्डावर बसणाऱ्या, पाणी खेळणाऱ्या भागाखाली) ठेवलेला टिश्यू ओलसर लागतो, तोही गेम चालू असतानाच. मशीन थंड असलं की सगळं कोरडं! त्यामुळे मला जी १/४ फिटिंगच्या (नळी ब्लॉकला जोडणाऱ्या, त्या मापाच्या आट्यांच्या जोडाच्या) ओ-रिंगवर, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर, जास्त संशय आहे. सध्या मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढून फक्त पंप चालवून बघतोय, पण थेंब दिसत नाही. लूप रिकामा करून ०.५ बार हवेच्या दाबाने तपासू का? ब्लॉक ॲक्रिलिकचा आहे, त्याला तेवढा दाब सोसेल ना? फिटिंग हातानेच आवळायची की पान्याने? जास्त आवळून ॲक्रिलिकला तडा जाईल याची फार धास्ती वाटते. कार्ड वाचवायचंय, कृपया अनुभवी लोकांनी सांगा.