समुद्राची क्षारता वाढवण्याची चाचणी: आखणी कशी करावी?

प्रश्न: समुद्रात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोडून पाण्याची क्षारता (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) वाढवायची आणि त्यातून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषायचा, अशी छोटी चाचणी आखतोय. टनभर हायड्रॉक्साइडमागे किती वायू शोषला जाईल असा हिशेब धरू?

उत्तर १: साधारण १.२ टन कार्बन डायऑक्साइड, तेही सगळं विरघळलं तर. कण तळाशी गेले की तेवढा हिशेब बुडाला! बारीक दळून पातळ स्लरी (पाण्यात कालवलेली भुकटी) सोडा.

उत्तर २: डोस आवरा. सोडतो तिथे सामू (pH) ९ च्या वर चढू देऊ नका. कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसला की क्षारता उलट घटते.

उत्तर ३: डोस सोडण्याआधी निदान वर्षभर एकूण क्षारता, विरघळलेला असेंद्रिय कार्बन (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मिळून) आणि सामू मोजा. ऋतूंच्या चढउतारात तुमचा परिणाम सहज हरवतो. हवेतला वायू मुरायला महिने लागतात, तोवर पाणी लांब गेलेलं असतं. प्रवाहाचं मॉडेल लागणारच. परवान्याचा अर्ज मात्र आजच टाका.