वाळवंटातल्या अंगणात राय पेरायची का?

माणदेशी

'गिल्बर्टकर' यांनी काल इथे फिनिक्सकडच्या (ॲरिझोना, अमेरिका) अंगणांसाठी ऑक्टोबरचं वेळापत्रक टाकलं. बर्म्युडा (उन्हाळी गवत) खरवडा, राय (थंडीतलं गवत) पेरा, पहिले दोन आठवडे दिवसातून चार वेळा पाणी मारा, दिवाळीला अंगण हिरवंगार. इथवर मी गप्प बसलो असतो. पण शेवटी त्यांनी लिहिलं की लॉन काढून खडी टाकणाऱ्यांनी आपल्या आळसाला पर्यावरणाचं नाव देऊ नये. हे जिव्हारी लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी आटपाडीचा. भांडी विसळलेलं पाणी आई शेवग्याच्या बुडात ओतायची. टँकर आला की आम्ही पोरं शाळा सोडून हंडे घेऊन पळायचो. फिनिक्सला वर्षाला पाऊस पडतो सात-आठ इंच. आमच्या माणदेशात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, तरी आम्ही दुष्काळी. आणि इथे आपण भर वाळवंटात थंडीसाठी वेगळं आणि उन्हाळ्यासाठी वेगळं गवत ठेवायचं?

बर्म्युडा थंडीत मरत नाही, झोपते. पिवळी पडली तरी मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी दिलं तरी भागतं. आपण तिच्या डोक्यावर राय पेरतो. एप्रिल-मे मध्ये बर्म्युडा जागी व्हायची वेळ येते तेव्हा वर दाट राय उभी असते, खाली ऊन पोचत नाही. जूनमध्ये राय करपते आणि बर्म्युडाला जागोजागी टक्कल पडलेलं दिसतं. मग पुन्हा सॉड (तयार गवताच्या चटया), पुन्हा खत, पुन्हा पाणी. दरवर्षी हेच.

आळसाचं म्हणाल, तर २०२२ मध्ये माझं लॉन मी स्वतः काढलं. दीड फुटावर चुनखडीचा थर लागला. कुदळ उडायची, ठिणग्या पडायच्या. पहारीने फोडत एकेका झाडाचा खड्डा केला. याला कोणी आळस म्हणू नये.

गिल्बर्टकर

आळस हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी एक अक्षरही मागे घेत नाही.

तुमच्या आटपाडीबद्दल मला आदर आहे. पण माझ्या चारशे चौरस फुटांवर आटपाडीची तहान लादू नका. ॲरिझोनाचं सुमारे ७० टक्के पाणी शेतीला जातं, त्यात अल्फाल्फा आला, म्हणजे गुरांचा चारा. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही. माझी मुलगी दोन वर्षांची, मुलगा पाच. ती खडीवर पडली की गुडघे फुटतात. जुलैत खडीवर पाय ठेवून दाखवा. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० (फॅरनहाइट) किंवा त्याच्या वर गेला, तेव्हा रात्री दहाला शेजारच्या खडीच्या अंगणातून भट्टीसारखी धग येत होती. माझ्या गवतावर मुलं बसू शकत होती.

आणि आई. ती नाशिकहून नोव्हेंबरात येते, फेब्रुवारीत जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा एकच आनंद आहे, सकाळी चहा झाला की अनवाणी गवतावर फेऱ्या मारायच्या. त्या तीन महिन्यांत बर्म्युडा वाळक्या कुसळांसारखी टोचते. मी राय माझ्या आईसाठी पेरतो. एवढं पुरे.

अंगणवेडी_मेसा

आईच्या मुद्द्यावर कोणी काय बोलणार! पण दोघांनाही विचारते, गवतावरून भांडताना झुडपांकडे कोणाचं लक्ष आहे का? आमच्या कॉलनीत यार्डवाले दर महिन्याला येतात आणि टेक्सास सेजचे गोळे कातरतात. पावसाळी हवेत दमटपणा आला की हे झुडूप जांभळ्या फुलांनी असं भरतं की पान दिसत नाही. ऐन त्याच वेळी हे लोक विजेची कात्री घेऊन येतात आणि कळ्यांसकट सगळं छाटून टाकतात. सात वर्षं इथे राहते, माझ्या दारातल्या सेजला मी एकदाच फुललेलं पाहिलं, कारण त्या महिन्यात त्यांचा ट्रक बंद पडला होता. आमच्या एचओएला (कॉलनीच्या घरमालक संघटनेला) तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की एकसारखा आकार हवा.

सेज कातरायचीच नसते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, थंडी सरता सरता, जुन्या फांद्या बुडातून काढायच्या. मी स्वतः करते, दहा मिनिटं लागतात.

माणदेशी

ताई, अगदी खरं. हेच लोक फेब्रुवारीआधी बोगनवेलही छाटतात. थंडीने काळी पडलेली फांदी खालच्या जिवंत फांद्यांना पांघरूण असते. ती काढली आणि पुन्हा दव गोठलं की वेल बुडापर्यंत जाते.

गिल्बर्टकर, शेतीचा मुद्दा मी टाळणार नाही. पण २०२२ मध्ये कोलोरॅडो नदीच्या पाण्यात पहिल्यांदा कपात झाली तेव्हा नळ कोणाचा आटला? ॲरिझोनातल्याच पिनल काउंटीच्या शेतकऱ्यांचा. शहरात कोणाच्या स्प्रिंकलरला धक्का लागला नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. शेताचं पाणी तुटतं आणि अंगणातली राय हिरवी राहते हे मला बघवत नाही. फिनिक्सशेजारच्या स्कॉट्सडेल शहराने १५ ऑगस्ट २०२३ पासून नव्या घरांच्या पुढच्या अंगणात गवताला बंदी घातली. ते काय उगीच?

गिल्बर्टकर

पुढच्या अंगणात, दादा. मागच्या नाही. तिथे मुलं खेळतात हे त्यांनाही कळतं. लास वेगासकडच्या २०२१ च्या कायद्यातही घरगुती लॉन वगळलंय, रस्त्याकडेचं आणि ऑफिसांपुढचं शोभेचं गवत तेवढं काढायचंय. कायदा करणाऱ्यांना फरक समजतो, तुम्हाला समजत नाही.

आणि एक प्रश्न. तुमच्याकडे पुढे एक मोठं ॲशचं झाड होतं. गणपतीला आलो होतो तेव्हा त्याच्या सावलीत गाडी लावली होती. ते कुठे गेलं?

माणदेशी

गेलं. मेलं. लॉनचे स्प्रिंकलर बंद केले आणि पंचवीस वर्षांचं झाड त्याच पाण्यावर जगत होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. नव्या झुडपांना ठिबक टाकलं, ॲशला काहीच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला, तिसऱ्यात पाडावं लागलं. पाडायला आलेल्या माणसाने बुंध्यावर हात ठेवून विचारलं, पाणी कधी बंद केलंत? मी उत्तर दिलं नाही.

हे मी आधी लिहायला हवं होतं. ज्यांना लॉन काढायचंय त्यांनी आधी जुन्या झाडाच्या पाण्याची सोय करावी, मग गवताला हात लावावा. खोडाशी नव्हे, फांद्यांचा घेर संपतो तिथे ठिबकाचं कडं करावं. पण यावरून राय पेरावी असं सिद्ध होत नाही.

नवीनघर_क्वीनक्रीक

मधेच विचारते, माफ करा. आमचं घर मार्चमध्ये झालं. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावता येत नाही. लवकर वाढणारं सावलीचं झाड कोणतं? नर्सरीत सिसू सुचवलं. म्हणाले इंडियन रोझवूड, बारा महिने हिरवं.

पाटलांचा_वाडा

डोळे झाकून लावा. सिसू म्हणजे आपला शिसम. आजोबांच्या घरी शिसमाचा पलंग होता, चार माणसांना उचलत नसे. इथे ते झाड दारात पाहिलं तेव्हा मला गावचं कोणी भेटल्यासारखं झालं. चार वर्षांत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं. ११५ डिग्रीत पान गळत नाही. याहून काय हवं?

पहार_कुदळ

नवीनघर ताई, कृपा करून लावू नका. मी हात जोडून सांगतो.

माझ्या शेजाऱ्याने लावलेल्या सिसूने माझी ब्लॉकची भिंत उचलली. शब्दशः उचलली, खाली हात जाईल एवढी फट पडली. मुळं वरच्या वर, पाण्याच्या शोधात धावतात. माझ्या लिंबाच्या आळ्यात तीस फुटांवरून फुटवे आले. उपटले की दोनाचे चार. शेजाऱ्याने झाड तोडलं त्यालाही दोन वर्षं झाली, फुटवे अजून येतातच. भिंतीचा खर्च अर्धा मी भरला.

पाटलांचा_वाडा

झाडाचा दोष नाही, पाणी देणाऱ्याचा आहे. रोज दहा मिनिटं ठिबक सोडलं तर मुळं वरच येणार. खोल पाणी द्या, मुळं खोल जातील. माझ्याकडे नऊ वर्षं झाली, एक फुटवा नाही.

पहार_कुदळ

तुमच्या परसात नाही. भिंतीपलीकडे कधी विचारलंत?

पाटलांचा_वाडा

म्हणजे काय? माझ्या शेजाऱ्यांशी माझे संबंध कसे आहेत हे तुम्ही मला शिकवणार?

पहार_कुदळ

संबंधांवर नाही, मुळांवर बोलतोय. खोल पाणी द्या म्हणता, आणि खाली चुनखडीचा थर असेल तर? माणदेशींनी वर लिहिलंय, दीड फुटावर ठिणग्या उडाल्या. मूळ तिथे आडवंच पसरणार. हिमालयाच्या पायथ्याला नदीकाठच्या गाळात वाढणारं झाड आणून दहा फुटांच्या पट्टीत भिंतीला चिकटवायचं, आणि वर ते आपलं म्हणून मिरवायचं! आपलं असेल, इथलं नाही. आमच्या एचओएने ते मंजूर झाडांच्या यादीतून काढलं ते कोणाचा द्वेष म्हणून नव्हे.

अंगणवेडी_मेसा

दोघांनी पाणी प्या आधी. मावशी म्हणून सांगते.

सिसूला पर्याय म्हणून मेस्किट, हे इथलं वाळवंटी झाड, म्हणाल, तर माझ्याकडे दोन मेस्किट पावसाळी वादळात आडवी झाली. एक गाडीवर. तेव्हा 'इथलं' झाड म्हणजे सुरक्षित असंही नाही.

टूसॉनी

ताई, ती मेस्किट बहुधा दक्षिण अमेरिकेची संकरित होती. नर्सऱ्यांत तीच जास्त मिळतात, वाढतात झपाट्याने. आणि वादळात पडण्याची कारणं ठरलेली आहेत. ठिबकाचे ड्रिपर पहिल्या वर्षी खोडाशी लावले ते तिथेच राहतात, झाड वीस फूट होतं पण मुळं घमेल्याएवढ्या जागेत. वर यार्डवाले आतल्या फांद्या काढून फक्त शेंड्याला झुबके ठेवतात. वारा आला की शीड होतं.

झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवायचे. झाडाला पाणी तीन फूट खोल, झुडपाला दोन, जमिनीलगतच्या रोपाला एक. कसं कळणार? पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब सळई जमिनीत दाबा. ओल आहे तिथवर सहज जाते, कोरडं लागलं की थांबते. मुरलेल्या इथल्या मूळच्या झाडाला भर उन्हाळ्यातही दोन-तीन आठवड्यांनी एकदा असं पाणी पुरतं, थंडीत महिना-दीड महिना बघायला नको. आपल्याकडे शेतकरी वाफसा बघतो तसंच. इथे लोक टायमर लावून विसरतात.

नवीनघर, पश्चिमेच्या भिंतीला इथलं मूळचं मेस्किट किंवा आयर्नवूड लावा, भिंतीपासून पंधरा फूट सोडून. आयर्नवूड सावकाश वाढतं, पण नातवंडांपर्यंत उभं राहील. आणि आत्ताच लावा. ऑक्टोबरात माती उबदार असते, हवा थंडावते, मुळं धरायला पुढे सात महिने मिळतात. लोक मे महिन्यात झाडं लावतात आणि जूनमध्ये रडतात.

आमच्याकडे टूसॉनच्या डनबार स्प्रिंग वस्तीत लोकांनी रस्त्याच्या कठड्याला खाचा पाडून वाहून जाणारं पावसाचं पाणी झाडांच्या आळ्यांत वळवलं. त्या गल्लीत जुलैत चालून बघा आणि बाजूच्या गल्लीत चालून बघा.

पाटलांचा_वाडा

काल रात्री टॉर्च घेऊन भिंतीपलीकडे गेलो. शेजारच्या आजींच्या गुलाबाच्या वाफ्यात तीन फुटवे निघाले. त्यांना ते गुलाबाचं रानटी वाण वाटत होतं, म्हणून गप्प होत्या. मी काढून दिले.

झाड मी तोडणार नाही. सावली खरी आहे. २०२३ मध्ये आपल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली, तेव्हा सावली देणाऱ्या झाडाला कुऱ्हाड लावायला माझा हात धजत नाही. पण भिंतीच्या बाजूने चर खणून मुळं अडवीन, आणि भिंतीलगतचं पाणी आजपासून बंद. नवीनघर यांना दिलेला सल्ला मात्र परत घेतो. दहा फुटांच्या पट्टीत नको.

पहार_कुदळ

भिंतीच्या बाजूची जाड मुळं एकदम तोडू नका, वादळात झाड दुसऱ्या बाजूला पडेल. एखाद्या जाणत्या वृक्षतज्ज्ञाला दाखवून टप्प्याटप्प्याने करा. कालचा माझा सूर जास्त चढला होता.

गिल्बर्टकर

माझ्या वेळापत्रकावरून सुरू झालं आणि सिसूवर संपलं, असं होऊ देणार नाही.

सळई काल आमच्या लॉनमध्ये दाबली. चार इंचांवर अडकली. दोन वर्षं रोज पाणी मारतोय आणि ओल चार इंच. हे पाहून वाईट वाटलं. माणदेशींना हे हत्यार देतोय हे मला माहीत आहे, देतो.

यंदा पुढच्या पट्टीत राय पेरणार नाही. ती पट्टी फक्त कॉलनीला दाखवायची होती, तिच्यावर कोणी पाऊल ठेवत नाही. मागे मात्र पेरणार, अर्ध्या भागात, आईच्या फेरीपुरती. उरलेली बर्म्युडा झोपू दे. मे मध्ये दोन्ही भाग शेजारी शेजारी असतील, टक्कल कुठे पडतं ते सगळ्यांसमोर दिसेल. माणदेशींचं चुकलं तर त्यांनी कबूल करावं.

माणदेशी

करीन. आणि मागच्या अर्ध्या रायला माझी हरकत नाही, आईंना सांगा. पण रात्रीचं तापमान ६५ च्या खाली स्थिरावेपर्यंत थांबा. अजून ७२ आहे, आत्ता पेरलीत तर बर्म्युडा जोर करेल, बी वाया जाईल, आणि बियांबरोबर पाणीही.

पुढची पट्टी मोकळी ठेवताय तर तिथे झाड लावा. खड्डा खणायला शनिवारी सकाळी सहाला येतो. ऊन चढायच्या आत उरकू. पहार माझ्याकडे आहे, घमेलं तुम्ही काढून ठेवा.